खानदेशातली जुनी आर्किटेक्टची घरे दुरुस्त करताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव या गावांत १९५० ते १९७५ च्या दरम्यान डॉक्टर, वकील, प्राध्यापक, कापसाचे आणि तेलाचे व्यापारी यांनी मुंबई-पुण्यात शिकलेल्या आर्किटेक्टकडून नकाशे करून घेऊन जी घरे बांधली, ती आता नातवंडांच्या हातात आली आहेत. दिवाळी सरली की या घरांचे ‘रिनोव्हेशन’ सुरू होते आणि यादी बहुतेक ठिकाणी तीच असते: मोझेकवर व्हिट्रिफाइड टाइल, सागवानी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, फॉल्स सीलिंग, व्हेंटिलेटर बंद, गच्चीवर कोब्याचा (गळती रोखण्यासाठी विटांचे तुकडे आणि मसाला घालून केलेला थर) आणखी एक थर. लाखो रुपये जातात आणि पुढच्या मे महिन्यात घर पूर्वीपेक्षा जास्त तापते. ही घरे इथल्या उन्हाचा आणि वाऱ्याचा हिशेब करून काढलेली आहेत. तो हिशेब न वाचता केलेली दुरुस्ती चांगल्या घराचे नुकसान करते. म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात मूळ नकाशापासून करावी. घरातल्या जुन्या ट्रंकेत निळी प्रत सापडते, नाहीतर नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात. (जळगाव आणि धुळे या महानगरपालिका २००३ साली झाल्या, त्याआधीच्या परवानग्या नगरपालिकेच्या काळातल्या.) मापे बहुधा फूट-इंचात असतात. नकाशा मिळालाच नाही तर घर मोजून नवा काढावा, आणि त्यात प्रत्येक भिंतीची जाडी लिहावी. चौदा आणि नऊ इंची भिंती स्लॅबचा भार घेतात, साडेचार इंची भिंत सहसा नुसता आडोसा असते. भिंतीचा मसाला कोणता हेही तपासावे. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण अंशतः उठले १९८२ मध्ये; तोपर्यंत सिमेंट परमिटवर मिळे. त्यामुळे बऱ्याच घरांत सिमेंट स्लॅब आणि तुळयांना वापरले, भिंती चुन्यात किंवा चुना-सिमेंटच्या मिश्रणात रचल्या. आतल्या कोरड्या सांध्यावर खिळ्याने ओरखडा काढावा. पीठ सुटले तर मसाला चुन्याचा, नुसता पांढरा चरा उमटला तर सिमेंटचा. ही दोन मिनिटांची परीक्षा पुढचे प्लास्टर कोणते करायचे ते ठरवते.

आता उन्हाचा हिशेब. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे असे धरू. जळगाव साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ६९ अंशांवर असतो. छज्ज्याची सावली भिंतीवर पाच फुटांच्या खाली उतरते आणि खिडकी पूर्ण झाकली जाते. २१ डिसेंबरला सूर्य जेमतेम ४५ अंशांवर येतो, सावली दोन फूटच पडते, आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून थंडीतले ऊन घरात येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येऊन उत्तरेकडे सरकतो, तो जुलैच्या मध्यापर्यंत तिकडेच असतो, म्हणून जाणत्या आर्किटेक्टने उत्तरेच्या खिडक्यांनाही लहान छज्जा ठेवला. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, तिथे छज्ज्याचा उपयोग नाही. तिथे उभे पाखे (खिडकीच्या बाजूला भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), सिमेंटची जाळी, किंवा जिना, कोठी आणि न्हाणीघर. घराचा दर्शनी भाग ‘साफ’ करण्यासाठी छज्जे छाटणारे आणि पश्चिमेची जाळी फोडून मोठी काच बसवणारे हा सगळा हिशेब एका दिवसात पुसून टाकतात.

स्लॅबच्या लगेच खाली असलेले व्हेंटिलेटर धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरातल्या साण्याचे, म्हणजे छतातल्या झरोक्याचे, काम करतात: वर चढलेली गरम हवा बाहेर काढतात. नऊ इंची भिंत दिवसभराची उष्णता सहा ते आठ तासांनी आत सोडते, म्हणजे भर दुपारचे ऊन रात्री नऊ-दहाला खोलीत जाणवते. ती उष्णता रात्री बाहेर गेली नाही तर दुसऱ्या दिवशी भिंत तापलेल्या अवस्थेतूनच पुढे तापते. नऊ फुटांवर फॉल्स सीलिंग टाकले की साडेदहा-अकरा फुटांवरचे व्हेंटिलेटर त्याच्या वर अडकतात. शिवाय स्लॅबला गळती लागली तरी वर्षानुवर्षे कळत नाही. खानदेशात घरोघरी कूलर आहे, त्याच्या हवेलाही बाहेर पडायला हीच वाट हवी असते. कूलर जेवढी ओली हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायला हवी; वाट बुजवली की खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकचिकते आणि लोक कूलरला दोष देतात. ज्या खोलीला एसी लावायचाच आहे, तिथल्या व्हेंटिलेटरला आतून रबरी पट्टीची, उघडझाप होणारी झडप बसवावी. विटा घालून बुजवू नये.

याच ओघात एक धोक्याची सूचना. पाण्याने भरलेला कूलर किंवा एसीचे बाहेरचे युनिट छज्ज्यावर ठेवू नका. छज्जा भिंतीबाहेर तरंगता असल्याने त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खालचे प्लास्टर सुटले तर दिसायला वाईट, पण भिंतीलगत वरच्या बाजूला भेग पडून पाणी मुख्य सळईपर्यंत गेले तर छज्जा काही न सुचवता खाली येतो. साठ लिटर पाण्याचेच वजन साठ किलो होते. कूलरचा स्टँड जमिनीवरून उभा करावा.

प्रत्यक्ष कामात पहिला मान पाण्याचा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर भिंत तिच्याबरोबर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर घराचा तो कोपरा खचतो आहे असे समजावे. भेग भरण्याआधी तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहावी आणि एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्यावा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. कारण बहुधा हाताशीच असते: गळका चेंबर, भिंतीलगतची मोरी, कोपऱ्यात पडणारा गच्चीचा पाइप, किंवा भिंतीला खेटून वाढलेले मोठे झाड. ते दूर करून जोत्याभोवती किमान तीन फूट रुंद फरसबंदी करावी: खाली सहा इंच दाबलेला मुरूम, वर तीन इंच काँक्रीट, बाहेरच्या बाजूला चाळीसास एक उतार, आणि भिंतीलगतचा सांधा डांबराने भरलेला. हालचाल थांबल्यावरच भेग शिवावी. दर चार ते सहा थरांवर विटांचा आडवा सांधा दोन इंच खोल कोरून, भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट जाईल अशी सहा मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई न आक्रसणाऱ्या मसाल्यात बसवावी. क्रॅकफिलर घासून रंग मारला की पुढच्या मे महिन्यात भेग त्याच जागी हजर असते.

स्लॅब बहुधा चार ते पाच इंच जाडीचा आणि आत गोल, गुळगुळीत सळई, तीन सुती किंवा चार सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), टोकाला आकडे वळवलेली. तिच्यावरचे काँक्रीटचे आवरण अनेकदा अर्ध्या इंचाचेच असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षांनुवर्षे काँक्रीटमध्ये मुरतो, त्याची अल्कता कमी होते आणि सळई गंजायला मोकळी होते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून खालचे पोपडे सुटतात. संपूर्ण स्लॅब लाकडी दांड्याने ठोकून पाहावा आणि पोकळ आवाजाच्या जागा खडूने घेराव्यात. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलिनचे द्रावण शिंपडावे: गुलाबी झाले तर काँक्रीट अजून सळईला जपते आहे, रंगहीन राहिले तर नाही. हाफ-सेल चाचणीत (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी) उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली आकडे आले तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात.

दुरुस्ती करताना आधी स्लॅबला जॅक लावावेत. खराब काँक्रीट सळईच्या मागे पाऊण ते एक इंच मोकळे होईपर्यंत छिन्नीने काढावे. इथेच बहुतेक ठेकेदार घाई करतात: सळईचे पुढचे अंग घासतात, मागचा गंज तसाच ठेवतात आणि त्यावर मसाला थापतात. असा ठिगळ दोन-तीन पावसाळ्यांत पडतो. सळई चकचकीत होईपर्यंत ब्रशने घासून गंजरोधक लेप द्यावा. व्यास पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त घटला असेल तर शेजारी नवी सळई, व्यासाच्या साधारण पन्नास पट लांबीची जोड देऊन. दहा मिलिमीटरच्या सळईला म्हणजे अर्धा मीटर. तेवढी जागा नसेल तर वेल्डिंग करायचे की अँकर (जुन्या काँक्रीटमध्ये भोक पाडून सळई पक्की बसवणे), हे अभियंत्याने जागेवर ठरवावे. मग एकास तीन सिमेंट-वाळू, सिमेंटच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के एसबीआर लॅटेक्स (मसाल्याची पकड वाढवणारे रबरी द्रावण), आणि दर थर दहा-पंधरा मिलिमीटरच. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे. एप्रिल-मेच्या झळांत मसाला पकड घेण्याआधीच वाळतो.

गच्चीवरचा विटांचा कोबा सरासरी साडेचार इंच जाड असतो. त्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरते. वापराच्या गच्चीसाठी धरलेला चल भार (माणसे, सामान यांचा) असतो चौरस मीटरला १५० किलो. गळतीवर उपाय म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकणे म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आणखी अठरा-वीस टन ठेवणे. हे आम्हाला वारंवार दिसते आणि दर वेळी काळजी वाटते. जुना कोबा आधी काढलाच पाहिजे, तोही हातोडा-छिन्नीने. ब्रेकर मशीनच्या हादऱ्यांनी चार इंची स्लॅबला भेगा जातात. निघालेला राबिट (फोडलेला माल) गच्चीवर ढीग न करता रोजच्या रोज खाली उतरवावा. नव्या कोब्याला शंभरास एक उतार, कठडा आणि गच्चीच्या कोपऱ्यात सगळीकडे मसाल्याची गोलाई, आणि पावसाच्या पाण्याला पुरेशा वाटा: ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत चार इंची एक पाइप साधारण ४० चौरस मीटर गच्चीचे पाणी ओढतो. जुन्या घरांत दोन पाइप असतात आणि त्यातला एक हमखास बुजलेला सापडतो. काम झाल्यावर एक इंच पाणी ४८ तास तुंबवून खालून पाहावे. वरचा थर पांढऱ्या चिनी तुकड्यांचा केला तर भर दुपारी अनवाणी उभे राहता येण्याइतका फरक पडतो. तेवढे बजेट नसेल तर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. कठड्याची जाळी मात्र भरून भिंत करू नका, गच्ची रात्री त्या जाळीतल्या वाऱ्यानेच निवते.

चुन्यातल्या भिंतीला चुन्याचेच प्लास्टर: भिजवून किमान पंधरा दिवस मुरवलेला चुना एक भाग, जाड वाळू तीन भाग, आणि आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, ती वर चढत जाते आणि लोणा (ओलीबरोबर येणारा क्षारांचा पांढरा थर) कंबरेपासून छातीपर्यंत येतो.

मोझेकबद्दल मात्र थांबून बोलायला हवे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. त्या काळच्या आठ किंवा दहा इंची टाइलवर संगमरवरी खडीचा थर सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. काही हॉलमध्ये जागेवरच ओतलेला मोझेक आहे, मध्ये पितळी किंवा काचेच्या पट्ट्या घातलेला. हे रंगसंगतीचे काम आज करवून घ्यायचे तर कारीगर शोधत फिरावे लागते. पन्नास वर्षांत वर फक्त मळ, मेण आणि अ‍ॅसिडचे डाग साचलेले असतात. आधी फुटलेल्या टाइल बदलाव्यात. त्यासाठी नवी टाइल आणू नये, रंग जुळत नाही. कोठीतल्या किंवा कपाटाखालच्या टाइल अलगद काढून हॉलमध्ये बसवाव्यात आणि नवीन टाइल कोठीत घालाव्यात. मग मशीनने पहिला हात ६० नंबरच्या दगडाचा, हलका. एका पॉलिशमध्ये एक ते दीड मिलिमीटरपेक्षा जास्त थर जाता कामा नये. नंतर पांढऱ्या सिमेंटमध्ये मूळ रंगाची पूड घालून पातळ घोळ सगळीकडे चोपडावा, छिद्रे भरावीत आणि चार-पाच दिवस ओला ठेवावा. मग १२० नंबर, पुन्हा घोळ, शेवटी ३२० आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड, चौरस मीटरला ३३ ग्रॅम. घोळाचा रंग आधी एका कोपऱ्यात चार टाइलवर वाळवून पाहावा, ओला असताना तो गडद दिसतो. यानंतर लादी नुसत्या पाण्याने पुसावी. संडास धुण्याचे अ‍ॅसिड मोझेकवर एकदा जरी ओतले तरी संगमरवर खाल्ला जातो आणि खडबडीत लादी मळ धरते. ज्यांनी त्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवल्या, त्यांची दारे अर्धा-पाऊण इंच तासावी लागली आणि उंबरे बुडाले.

खिडक्यांचे सागवान सातपुडा-डांगच्या जुन्या झाडांचे आहे, दाट रेषांचे. सडते ते खालच्या आडव्या पट्टीत आणि चौकटीच्या पायाशी. तेवढाच भाग चांगले लाकूड लागेपर्यंत तिरपा कापून, जुन्या बाजारातले सागवान रेषा जुळवून, पाणीरोधक सरस आणि लाकडी खुंटीने जोडता येते. एका झडपेला चांगल्या सुताराचा एक दिवस पुरतो. जुना तैलरंग काढून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवावेत. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच, बाहेर उघडणारी झडप पूर्ण वारा आत घेते. डासांसाठी आतून स्टेनलेस जाळीची निघणारी चौकट लावावी आणि ती महिन्याला धुवावी, आपली धूळ जाळी लवकर बुजवते.

वायरिंग पूर्ण नवे करावे, यात काटकसर नको. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरींचे रबर हाताने चुरगळते. दिव्यांना दीड, प्लगना अडीच आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवे अर्थिंग. भार घेणाऱ्या भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल जाऊ नये. नऊ इंची भिंतीत म्हणजे उभी तीन आणि आडवी दीड इंच. आडव्या लांब खाचा टाळून जुन्या पट्ट्यांच्याच वाटेने वरून पाइप नेलेला उत्तम. क्षारांनी बुजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाण्याचे पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) घालावेत, शक्यतो भिंतीच्या बाहेरून.

हॉल आणि जेवणघर एक करायला मधली नऊ इंची भिंत काढायची मागणी हमखास होते. ती काढता येते, पण क्रम चुकता कामा नये: दोन्ही बाजूंना जॅक, भिंतीच्या एका अंगाला खाच करून पहिला लोखंडी चॅनल (वरचा भार घेणारी पन्हळीसारखी तुळई), त्याच्या दोन्ही टोकांना काँक्रीटच्या ठोकळ्यावर नऊ इंचांचा आधार, वरची फट न आक्रसणाऱ्या मसाल्याने ठासून भरलेली; तो पक्का झाल्यावर दुसऱ्या अंगाला दुसरा चॅनल, दोन्ही आरपार बोल्टने आवळलेले, आणि त्यानंतर खालची भिंत. चॅनलचे माप अभियंत्याने गणित करूनच द्यावे. अशा भिंतींवर वरचा मजला चढवण्याचा विचार सोडून द्यावा. खोली हवीच असेल तर मागच्या अंगणात, स्वतंत्र पायावर, जुन्या भिंतीपासून एक इंचाचा सांधा ठेवून बांधावी.

शेवटी दोन मागण्या, त्या महापालिका आणि नगरपालिकांकडे. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे. त्यासाठी जुना मंजूर नकाशा लागतो. नगरपालिकांच्या काळातली दप्तरे वाळवीच्या तावडीत जाण्याआधी स्कॅन करावीत आणि मालकाला ठरावीक शुल्क घेऊन प्रत द्यावी. दुसरी मागणी रस्त्यांची. जुना डांबरी थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेल्याने अनेक कॉलन्यांत रस्ता घराच्या ओट्याच्या बरोबरीला आला आहे. अशा घरात पावसाचे पाणी जोत्यात शिरते आणि वर सांगितलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. यंदाच्या रस्त्यांच्या निविदांमध्ये जुना थर खरवडण्याची अट घालावी आणि कामाआधी व नंतर रस्त्याची पातळी मोजून नोंदवावी.

आपले,
जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही आर्किटेक्ट व स्थापत्य अभियंते,
जळगाव